पोटाचे अस्तर : एका निराशेचा इतिहास

‘पोट उघडलं, पण आत सगळीकडे पसरलं होतं. तसंच शिवून टाकलं.’

हे वाक्य आपल्याकडच्या कित्येक घरांत कुणा ना कुणाविषयी बोलले गेले आहे. मी ते पहिल्यांदा १९८७ साली ऐकले, माझ्या थोरल्या आत्याविषयी. शस्त्रक्रिया चार तास चालेल असे सांगितले होते. डॉक्टर पाऊण तासातच बाहेर आले. आत्याला ‘गाठ काढली’ असे सांगायचे घरच्यांनी ठरवले आणि तसे सांगितले. पाच महिन्यांनी ती गेली. त्या पाच महिन्यांत तिने एकदाही काही विचारले नाही. तिला सगळे कळले होते, असे आता वाटते.

पुढे वीसेक वर्षांनी एका स्नेह्याच्या तपासणीचा अहवाल माझ्या हाती आला. त्यातही ‘पोटात सर्वत्र पसरलेले’ अशाच अर्थाचे शब्द होते. पण त्याचे पोट उघडल्यावर शस्त्रक्रिया अकरा तास चालली, आणि नंतर कित्येक वर्षे तो दर पाडव्याला फराळाला येत राहिला. मधल्या काळात नेमके काय बदलले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. मी डॉक्टर नाही. वैद्यकाची नियतकालिके शब्दकोश जवळ ठेवून वाचणारा एक वाचक आहे. हा लेख म्हणजे उपचाराचा सल्ला नव्हे. एका आजाराकडे जाणत्या वैद्यांनी वेळोवेळी कसे पाहिले आणि अजूनही त्यांचे कुठे पटत नाही, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

अस्तर

कोटाला आतून अस्तर असते तसे पोटालाही असते. वैद्यकाच्या मराठी परिभाषेत त्याला ‘पर्युदर’ म्हणतात. हा पातळ, ओलसर, चकचकीत पडदा पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो आणि तोच वळून यकृत, जठर, आतडी यांच्यावरही पांघरलेला असतो. त्याच्या दोन थरांमध्ये चमचाभर द्रव असतो आणि त्यामुळे आतडी एकमेकांवरून अलगद सरकतात. हा सगळा पडदा उलगडून पसरला तर त्याचे क्षेत्रफळ जवळपास आपल्या त्वचेएवढे भरते.

या अस्तरावर कर्करोग तीन वाटांनी येतो. पहिला अस्तरात स्वतःच उपजतो. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात आणि तो दुर्मीळ आहे. दुसरा अपेंडिक्समधून येतो. तिथली श्लेष्मा तयार करणारी गाठ फुटते आणि तिच्या पेशी पोटभर बुळबुळीत द्रव साठवत जातात. तिसरी वाट सर्वांत वाहती आहे. मोठे आतडे, जठर, अंडाशय इथला कर्करोग अवयवाची भिंत ओलांडून अस्तरावर बी पेरल्यासारखा विखुरतो. तिन्हींचे मूळ वेगळे आणि स्वभावही वेगळा. पण पोट उघडणाऱ्या सर्जनला दृश्य साधारण सारखेच दिसे : भिंतीवर, आतड्यांवर, श्वासपटलाखाली पांढुरक्या दाण्यांचा सडा. त्याला वाटे, आता हात लावण्यात अर्थ नाही. सारखेच दिसते म्हणून सारखेच समजायचे, ही चूक दीर्घकाळ चालली.

जलोदराच्या वाटेने

जुन्या वैद्यांना कर्करोगाचे दाणे दिसत नसत, फुगलेले पोट दिसे. त्यांच्या लेखी आजार म्हणजे जलोदर. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पोटातले पाणी काढण्याची रीत दिली आहे. नाभीच्या खाली डाव्या अंगाला व्रीहिमुख शस्त्राने छिद्र पाडावे, त्यात धातूची नळी बसवावी, सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये आणि काढल्यावर पोट कापडाने गुंडाळावे. पाणी झपाट्याने काढले तर रुग्ण ढासळतो, हा अनुभव या सूचनेमागे आहे आणि तो आजच्या डॉक्टरांनाही मान्य आहे. पण पाणी पुन्हा भरते, त्याला उपाय नव्हता.

पाणी काढल्यावर त्या रिकाम्या जागेत औषध घालावे, ही कल्पना लेखी स्वरूपात मला सर्वांत जुनी सापडली ती इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये. ट्रूरो गावचा सर्जन ख्रिस्तोफर वॉरिक याने जलोदर झालेल्या एका स्त्रीच्या पोटातले पाणी काढले आणि ब्रिस्टलच्या झऱ्याचे पाणी व क्लॅरेट नावाची तांबडी वाइन यांचे मिश्रण आत सोडले. ती बरी झाली असे त्याने रॉयल सोसायटीला कळवले आणि १७४४ साली सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आले. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने त्यावर एक सुधारणा सुचवली. घोड्याच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजणारा हेल्स तो हाच. त्याची सूचना अशी, की पोटाला दोन नळ्या लावाव्यात, एकीतून द्रव आत सोडावा आणि दुसरीतून बाहेर घ्यावा, म्हणजे पोट आतून सतत धुतले जाईल.

त्या बाईचा आजार कर्करोगाचा असण्याचा संभव फार थोडा आहे. तरी आज शस्त्रक्रियेच्या खोलीत जे यंत्र लावतात, त्याचा आराखडा हेल्सने सांगितला तसाच आहे : एक आत जाणारी नळी, एक बाहेर येणारी, मध्ये पंप. तिथे वाइनऐवजी कर्करोगाचे औषध असते आणि ते तापवलेले असते. या दोन टोकांमध्ये सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ गेला.

नावे आणि कारणे

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनाची शिस्त आली आणि आजारांना नावे मिळू लागली. १८४२ साली व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी श्लेष्म्याने फुगलेल्या अपेंडिक्सचे वर्णन केले. पोटभर साठणाऱ्या चिकट द्रवाला १८८४ साली वेर्थ यांनी ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय’ हे लांबलचक नाव दिले. त्यांनी त्याचा संबंध अंडाशयाच्या गाठीशी जोडला होता. १९०१ साली फ्रेंकेल यांनी तो अपेंडिक्सशी जोडला. बहुतेक रुग्णांत, स्त्रियांतसुद्धा, उगम अपेंडिक्समध्येच असतो हे पक्के व्हायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात किती स्त्रियांची अंडाशये काढली गेली आणि मूळ जागचे जागी राहिले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

अस्तरात स्वतःच उपजणाऱ्या कर्करोगाचे पहिले नीट वर्णन १९०८ साली मिलर आणि विन यांनी केले. त्याचे कारण कळायला आणखी अर्धे शतक गेले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शंड यांनी फुफ्फुसाच्या आवरणाच्या अशाच कर्करोगाच्या ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जवळजवळ सगळ्यांचा धागा केप प्रांतातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींपर्यंत जात होता. त्यांत खाणकामगार होते, तसे लहानपणी त्या परिसरात नुसते राहिलेले लोकही होते. त्याच वर्षी लंडनमध्ये कील यांनी अ‍ॅस्बेस्टॉसिस झालेल्या स्त्रियांच्या पोटातल्या गाठींकडे लक्ष वेधले. १९६४ मध्ये एन्टिकनॅप आणि स्मिदर यांनी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांमधल्या पोटाच्या अस्तराच्या कर्करोगावर स्वतंत्र निबंध लिहिला. अमेरिकेत आयर्विंग सेलिकॉफ यांनी इमारतींना उष्णतारोधक आच्छादने बसवणाऱ्या १७,८०० कामगारांचा १९६७ पासून पाठपुरावा केला. त्यांच्यात पोटाच्या अस्तराच्या मेसोथेलिओमाने झालेले मृत्यू फुफ्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमापेक्षाही जास्त निघाले.

धुळीशी संबंध येणे आणि आजार उघड होणे यांत तीस-चाळीस वर्षे जातात. मजूर निवृत्त होतो, कारखाना बंद पडतो, कागद रद्दीत जातात आणि मग पोट फुगते. सगळ्याच रुग्णांत अ‍ॅस्बेस्टॉस सापडतो असे नाही. पोटाच्या मेसोथेलिओमात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा संबंध फुफ्फुसाइतका ठळक दिसत नाही आणि काही कुटुंबांत तो जनुकातून येतो. पण जिथे संबंध आहे तिथे तो माणसाने निर्माण केलेला आजार आहे.

मर्यादा की शेवट

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कर्करोग अस्तरावर दिसला की ‘सगळीकडे पसरला’ असे म्हणण्याची रीत होती. ‘सगळीकडे’ या शब्दात सगळा घोळ होता. पुष्कळ रुग्णांत यकृताच्या आत, फुफ्फुसात, हाडांत काहीच नसे. जे होते ते पोटाच्या पोकळीतच. मग याला आजाराचा शेवट समजायचे, की एका मर्यादित जागेतला आजार? काही जणांनी दुसरे उत्तर धरले आणि तिथून इतिहासाने वळण घेतले.

त्याला तीन निरनिराळ्या बाजूंनी आधार मिळाला.

पहिला आधार अंडाशयाच्या कर्करोगाचा. पूर्ण काढता येत नसली तरी गाठ शक्य तितकी काढावी, असे बोस्टनचे जो मेग्ज १९३४ पासून सांगत होते. १९७५ साली ग्रिफिथ्स यांनी त्याला मोजमाप दिले. मागे उरलेली सर्वांत मोठी गाठ १.६ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर स्त्रिया जास्त जगतात, त्याहून मोठी उरली तर शस्त्रक्रियेचा तसा उपयोग दिसत नाही. किती काढले यापेक्षा किती उरले हे महत्त्वाचे, हा धडा तिथून मिळाला.

दुसरा आधार एका अभियंत्याने दिला. रॉबर्ट डेड्रिक अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रासायनिक अभियंता होते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचे रक्त पोटाच्या अस्तरातून गाळून शुद्ध करण्याची पद्धत तोवर रुळली होती. अस्तरातून पदार्थ रक्तात किती वेगाने जातात, याचे आकडे त्यातून हाती होते. १९७८ साली डेड्रिक आणि सहकाऱ्यांनी गणित मांडले. काही औषधे पोटात सोडली तर ती रक्तात हळूहळू उतरतात आणि रक्तात गेल्यावर शरीर त्यांचा लवकर निकाल लावते. म्हणजे जे प्रमाण रक्तात सोडले तर माणूस मरेल, ते पोटात काही काळ राखता येते. अस्तर ही औषधाला अडवणारी भिंत आहे आणि त्या भिंतीचाच फायदा घेता येईल.

यात एक मेख होती. पोटात सोडलेले औषध गाठीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर झिरपते. त्याहून जाड गाठीच्या आतल्या पेशींना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे ग्रिफिथ्स आणि डेड्रिक एकमेकांवाचून अपुरे होते. सर्जनने आधी दिसणारे सगळे काढायचे आणि न दिसणाऱ्याला औषधाने गाठायचे.

तिसरा आधार उष्णता. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या आसपास कर्करोगाच्या पेशी सामान्य पेशींपेक्षा लवकर खचतात आणि काही औषधे अधिक प्रखर होतात, हे प्रयोगशाळेत दिसले होते. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल विद्यापीठात जॉन स्प्रॅट यांनी औषध तापवून पोटात फिरवणारे यंत्र जुळवले, आधी कुत्र्यांवर वापरले आणि १९८० साली पहिल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. तो स्यूडोमिक्झोमा झालेला पस्तीस वर्षांचा पुरुष होता आणि औषध होते थायोटेपा. पुढे जपानमध्ये जठराच्या कर्करोगात हीच रीत मायटोमायसिन हे औषध घेऊन वापरात आली. ‘हायपेक’ या नावाने आज जी ओळखली जाते, ती हीच पद्धत.

या तीन सुतांचा पीळ घट्ट वळला तो पॉल शुगरबेकर यांनी. वडील एव्हरेट शुगरबेकर कर्करोगाचे सर्जन. धाकटा भाऊ डेव्हिड फुफ्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमासाठी नावाजला. वॉशिंग्टनला काम करणाऱ्या पॉल यांनी पोटाचे अस्तर निवडले. त्यांच्या निरीक्षणाचे मला फार कौतुक वाटते. श्लेष्म्यातून तरंगणाऱ्या पेशी पोटात कुठेही बसत नाहीत, त्या पाण्याच्या ओढीने जातात, असे त्यांनी दाखवले. द्रव जिथे शोषला जातो तिथे, म्हणजे उजव्या श्वासपटलाखाली आणि आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या चादरीत, त्या साचतात. गुरुत्वाने ओटीपोटात उतरतात. सतत हलणाऱ्या लहान आतड्यावर मात्र फारशा टिकत नाहीत. नदीचा गाळ कुठे बसेल हे काठावरच्या माणसाला ठाऊक असते, तसेच हे. जिथे गाळ बसतो तिथले अस्तर सोलून काढता येते आणि ज्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही ते लहान आतडे पुष्कळदा वाचते. याच तर्कावर १९९५ साली त्यांनी अस्तर सोलण्याच्या सहा शस्त्रक्रिया क्रमवार मांडल्या.

दुसरे निरीक्षण अधिक बोचरे होते. सर्जनच्या सुरीने उघड्या पडलेल्या जागी सांडलेल्या पेशी चटकन रुजतात. म्हणजे अर्धवट शस्त्रक्रिया आजाराला नवी वाफे तयार करून देते. म्हणून पहिलीच शस्त्रक्रिया पुरी हवी आणि औषध त्याच बैठकीत, जखमा चिकटण्याआधी, पोटात फिरायला हवे.

मोजणीचीही रीत बसली. पोटाचे तेरा भाग पाडायचे, प्रत्येकाला गाठीच्या आकारानुसार शून्य ते तीन गुण द्यायचे. कमाल बेरीज ३९. शस्त्रक्रियेनंतर काय उरले त्यालाही श्रेणी दिली. काही दिसत नसेल तर शून्य, अडीच मिलिमीटरपर्यंतचे उरले तर एक. औषध जितके झिरपते तितकीच ही सीमा आहे. ‘सगळीकडे’ या शब्दाच्या जागी पहिल्यांदा आकडा आला.

मतभेद

दहा-बारा तासांची शस्त्रक्रिया, कधी प्लीहा, पित्ताशय, आतड्याचे तुकडे, गर्भाशय एकाच वेळी काढणे आणि वर तापलेले औषध. रुग्णांनीच तिला ‘सगळ्या शस्त्रक्रियांची आई’ असे नाव दिले. टीकाकारांनी ‘शेक अँड बेक’ म्हणून हिणवले. अमेरिकेत कोंबडी घोळवून भाजण्याच्या मसाल्याचे ते नाव आहे. चेष्टेमागचा आक्षेप खरा होता. सुरुवातीच्या काळात या शस्त्रक्रियेतच पुष्कळ रुग्ण दगावत. आणि जे जगले ते उपचारामुळे, की मुळात धडधाकट आणि संथ आजाराचे रुग्ण निवडले म्हणून?

याला उत्तर द्यायचे तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. ॲमस्टरडॅमला व्हेरवाल, झूटमुल्डर आणि सहकाऱ्यांनी ते केले. मोठ्या आतड्याचा कर्करोग अस्तरावर आलेले १०५ रुग्ण त्यांनी घेतले. एका गटाला नेहमीची औषधे आणि गरजेपुरती शस्त्रक्रिया, दुसऱ्याला संपूर्ण शस्त्रक्रिया व तापलेले मायटोमायसिन. २००३ साली निकाल आला : १२.६ महिन्यांच्या जागी २२.३ महिने. उपचारानेच दगावलेले रुग्ण मात्र शंभरात आठ होते. समर्थकांनी विजय मानला. विरोधकांनी विचारले, यातले श्रेय सुरीचे किती आणि तापलेल्या औषधाचे किती?

तो प्रश्न फ्रान्समध्ये केने आणि सहकाऱ्यांनी अंगावर घेतला. सतरा रुग्णालयांत २६५ रुग्णांची संपूर्ण शस्त्रक्रिया झाली. अर्ध्यांना त्यावर तापलेले ऑक्झालिप्लॅटिन मिळाले, अर्ध्यांना नाही. २०१८ साली निकाल सांगितला गेला तेव्हा या क्षेत्रातल्या अनेकांना धक्का बसला. औषध मिळालेले ४१.७ महिने जगले, न मिळालेले ४१.२. उशिरा उद्भवणारे गंभीर त्रास औषधाच्या गटात जास्त होते.

मला या निकालाची दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. दोन्ही गट एकेचाळीस महिने जगले. ज्या आजाराला पूर्वी वर्षही मिळत नसे, त्यात साडेतीन वर्षे. म्हणजे पोट उघडून सगळे काढण्याचा आग्रह, निवड आणि नवी औषधे यांनी काम केले होते. अस्तराचा कर्करोग म्हणजे शेवट नव्हे, हे शुगरबेकर यांचे मूळ म्हणणे टिकले आणि त्यांचे लाडके शस्त्र त्या एका आजारापुरते संशयात सापडले. औषध चुकीचे निवडले, अर्धा तास अपुरा होता, असे समर्थक म्हणतात. पुष्कळ ठिकाणी मायटोमायसिनकडे परत वळणे झाले. वाद संपलेला नाही.

अंडाशयाच्या बाबतीत चित्र निराळे आहे. २०१८ सालीच नेदरलँड्समधल्या फान ड्रील आणि सहकाऱ्यांनी २४५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही औषधे देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांत तापलेल्या सिस्प्लॅटिनने ३३.९ महिन्यांचे ४५.७ महिने झाले. ज्या वर्षी एका आजारात पद्धत हरली त्याच वर्षी दुसऱ्यात जिंकली.

दुर्मीळ आजारांत चिठ्ठ्या टाकण्याइतके रुग्णच मिळत नाहीत. तिथे जगभरचे अनुभव एकत्र करणे एवढेच हाती उरते. २००६ साली मिलानमध्ये या विषयाचे तज्ज्ञ जमले आणि प्रश्नावलीवर फेरी-फेरीने मते देऊन कुठे एकमत आहे ते ठरवले. २००९ साली पोटाच्या मेसोथेलिओमाच्या ४०५ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. संपूर्ण शस्त्रक्रिया आणि पोटातले औषध मिळालेल्यांत निम्मे रुग्ण ५३ महिन्यांहून अधिक जगले, पूर्वी हा आकडा सुमारे वर्षभराचा असे. २०१२ साली अपेंडिक्समधून येणाऱ्या स्यूडोमिक्झोमाच्या २,२९८ रुग्णांचा आढावा आला. सोळा केंद्रांत मिळून निम्मे रुग्ण १६ वर्षांहून जास्त जगले आणि उपचारानेच दगावण्याचे प्रमाण शंभरात दोनवर आले. १९९३ साली अपेंडिक्समधून पसरलेल्या कर्करोगाने ऑड्री हेपबर्न गेली, तेव्हा ही वाट जगात मोजक्याच जणांना ठाऊक होती.

म्हणून ‘हायपेक चांगले की वाईट’ असे विचारणेच गैर आहे. कोणत्या मुळाचा आजार, पोटात किती गुणांचा, काय उरेल आणि सुरी कुणाच्या हातात, हे चार प्रश्न आधी विचारावे लागतात.

मध्यक

या इतिहासात एक रुग्ण असा आहे की त्याच्यावाचून तो पुरा होत नाही. स्टीफन जे गूल्ड हा हार्वर्डचा जीवाश्मशास्त्रज्ञ. जुलै १९८२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा झाल्याचे कळले. काय वाचू, असे त्याने डॉक्टरांना विचारले, तेव्हा वाचण्यासारखे काही नाही असे उत्तर आले. तो चालता झाल्याबरोबर ग्रंथालयात गेला आणि डॉक्टरांनी असे का सांगितले ते त्याला कळले. आजार असाध्य आणि निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने, असे पुस्तके सांगत होती.

गूल्डचा जन्म आकडेवारी हाताळण्यात गेला होता. १९८५ साली त्याने यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यातला मुद्दा शाळेत मध्यक शिकलेल्या कुणालाही कळेल. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि उरलेले निम्मे त्यापुढे जगतात. डावीकडे शून्याची भिंत आहे, उजवीकडे भिंत नाही. त्या बाजूची शेपटी लांबच लांब असू शकते. आपण तरुण आहोत, निदान लवकर झाले आहे, उपचार उत्तम मिळणार आहेत. मग आपण त्या शेपटीत नसू कशावरून? शिवाय तो आकडा जुन्या उपचारांचा, नवे उपचार आले की आलेखच बदलतो. शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार घेऊन तो आणखी वीस वर्षे जगला, जाडजूड ग्रंथ लिहिले आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगाने गेला.

या निबंधाचा धीर देणारी गोष्ट म्हणून फार वापर झाला आहे. सगळेच शेपटीत असतात असे गूल्ड म्हणत नव्हता. तसे असते तर ती शेपटी राहिलीच नसती. आकडा हे गर्दीचे वर्णन असते, गर्दीतल्या माणसाचे भविष्य नव्हे, इतकेच त्याला सांगायचे होते. वर मी जे महिने लिहिले आहेत तेही याच तऱ्हेने वाचायला हवेत. एकेचाळीस महिने हे कुणाचेही आयुष्य नाही.

आपल्याकडे

मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरु अशा शहरांत ही शस्त्रक्रिया आता होते. खर्च लाखांत जातो, अतिदक्षता विभागात दिवस काढावे लागतात आणि ती करू शकणारे हात थोडे आहेत. हे कसब वर्षानुवर्षे तेच काम करून येते, हे जगभरच्या केंद्रांचे आकडे सांगतात. इंग्लंडने म्हणूनच स्यूडोमिक्झोमाचे रुग्ण बेसिंगस्टोक आणि मँचेस्टर अशा दोनच ठिकाणी पाठवायचे ठरवले. आपल्याकडे रुग्ण आधी जवळच्या ठिकाणी उघडला जातो, अर्धवट शस्त्रक्रिया होते आणि मग मोठ्या केंद्राकडे चिठ्ठी मिळते. तोवर सोललेल्या जागी पेशी रुजलेल्या असतात.

दुसरी गोष्ट पत्र्यांची. अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे करडे, नागमोडी पत्रे आपल्या गोठ्यांवर, शाळांवर, चाळींच्या गॅलऱ्यांवर आहेत. पुष्कळ देशांनी सर्व तऱ्हेच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, भारतात पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस आयात होऊन वापरला जातो. पत्रा जागेवर शाबूत असताना त्यातून धूळ फारशी सुटत नाही. तो कापताना, भोके पाडताना, पाडकामात फुटताना सुटते, आणि ती श्वासात घेणारा माणूस रोजंदारीवरचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका निकालात सांगितले की अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा ती सुटल्यावर १५ वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. न्यायमूर्तींना या आजाराची सावकाश चाल नेमकी उमगली होती. पण नोंद ठेवायची तर कामगाराचे नाव हजेरीपटावर असावे लागते. पत्रे फोडणाऱ्या मजुराचे नाव कुठल्या पटावर असते?

हा इतिहास लिहिताना आत्याचे कागद मी पुन्हा शोधले. एक पिवळी पडलेली चिठ्ठी तेवढी मिळाली. तिच्यावर शस्त्रक्रियेची तारीख आहे आणि एका ओळीत निष्कर्ष आहे : पोटात सर्वत्र प्रसार, शस्त्रक्रिया शक्य नाही. मूळ कुठले होते याचा उल्लेख नाही. अंडाशय, अपेंडिक्स की अस्तर स्वतःच, हे कुणी पाहिले नाही. पाहून उपयोग नाही असे तेव्हाचे शास्त्र मानत होते. त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८७ साली जगातल्या बहुतेक सर्जनांनी हेच केले असते. तिला आज नेले असते तर ती वाचली असती का, हेही मला सांगता येणार नाही. गुणांची बेरीज पस्तीस निघाली असती तर आजचा उत्तम सर्जनही कदाचित मागे सरला असता. पण त्याने आधी दुर्बिणीने आत पाहिले असते, एक तुकडा तपासायला पाठवला असता, तेरा भाग मोजले असते आणि मग काय ते सांगितले असते.

‘सगळीकडे’ हा शब्द त्याने वापरला नसता, इतके मात्र नक्की.